टिटवीची घडी

सोमवार, ३ तारीख

धाकटे,

केस कापायच्या आधी मला एका शब्दाने विचारलं असतंस तर काय जीभ झडली असती तुझी? कमरेला टेकायला आले होते पोरीचे केस. ते वाढवताना मी काय खस्ता खाल्ल्या ते तुला कुठून ठाऊक असणार. रविवारी सकाळी तिला दोन गुडघ्यांत आवळून धरायची आणि तेल थापायचं. ती बोंबलायची, मी तिच्या वरताण बोंबलायची. खाली सायकली दुरुस्त करता करता हे ओरडायचे, "अगं, विंचरतेस का मारतेस?" आणि वेणी झाली की तीच पोर आरशासमोर मान झटकून झटकून वेणी कमरेवर आपटते का बघत बसायची. ते सगळं तू एका कात्रीत उडवलंस. सोयीचं पडतं म्हणून! सोयीचंच बघायचं तर माणसाने दगड पाळावा.

मला कळलं कसं, असा प्रश्न तुला पडेल. हे येऊन गेले तिकडे. मला म्हणाले टायर आणायला जातो. टायरबियर काही आणलं नाही. तुमच्या बिल्डिंगसमोर उभे राहिले, बघितलं आणि माघारी आले. वर यायची हिंमत झाली नाही, का इच्छा झाली नाही, ते मी विचारलं नाही. घरी आल्यावर पाणी प्यायले आणि म्हणाले, "केस कापलेत गं तिचे." मग हात धुवायला गेले ते नळ चालूच. किती काळे झाले होते हात कोण जाणे.

आता तुझ्या पत्राचं. फोन मी उचलत नाही म्हणून पत्र टाकलंस, बरं केलंस. फोन का उचलत नाही ते तुला माहीत आहे. मागच्या वेळी टिटवी फोनवर आली ती "मावशी" म्हणाली आणि गप्प झाली. तू शिकवलंस ना तिला, मोठी म्हणायचं नाही, मावशी म्हणायचं? जन्मल्यापासून ती मला मोठी म्हणते. मी म्हटलं राँग नंबर, आणि ठेवला.

तू विचारतेस, ती सारखी "घडी पाहिजे, घडी पाहिजे" करते, म्हणजे काय. शाळेत जायची वेळ झाली की हातपाय ताठ करते आणि घडी मागते. म्हणून तुझ्या नवऱ्याने, त्या चष्मेवाल्यांनी, तिला लाल पट्ट्याचं घड्याळ आणलं आणि तिने ते भिंतीवर फेकलं.

हे वाचून मी हसले, धाकटे. पोट धरून हसले. घड्याळ! आपल्या घरात कधी कोणी घड्याळाला घडी म्हटलंय? तिकडे राहून भाषासुद्धा विसरलीस का काय. लाँड्रीत कामावर वाचत होते, इस्त्री केलेल्या कपड्यांवर हसता हसता डोळ्यांतलं पाणी पडलं, तर मालकीण माझ्यावर फुसफुसली. तिला आम्ही पाठीमागे कुकर म्हणतो.

घडी म्हणजे काय ते मला माहीत आहे. यांनाही नीट माहीत नाही. ते मी पत्रात लिहिणार नाही. सुट्टी लागली की टिटवीला इकडे पाठव, मग सांगते.

ताई

रविवार, ९ तारीख

धाकटे,

"ताई, हा काय सौदा आहे का?" असं लिहितेस. हो, आहे. तू पोर घेऊन गेलीस, तिचे कपडे, तिची चादर, कान तुटलेला ससा, सगळं घेऊन गेलीस. एक शब्द माझ्याकडे राहिला तर तोसुद्धा पोस्टाने पाठवू?

आणि मी अडवलं होतं का तुला? दारात उभी राहून "नीट जा" म्हणाले. पिशवीत बिस्किटं घालून दिली. ती वळून वळून बघत होती म्हणून मी आत गेले, नाहीतर गाडी चुकली असती तुमची. तू म्हणालीस, ताई दगडासारखी उभी होती. म्हण.

तू आजारी होतीस तेव्हाचं मी कधी उकरून काढलं नाही, आत्ताही काढत नाही. तो माणूस तुला टाकून गेला आणि बाळ झाल्यावर तू भिंतीकडे तोंड करून पडलीस. पोर रडली तरी तुझी मान वळत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हा आजार आहे, तिला बोल लावू नका. नाही लावला. कधी लावला असेल तर दाखव. पण तो आजार उतरायला, तुला नोकरी लागायला, तुझं दुसरं लग्न व्हायला सात वर्षं गेली. तोवर दूध गरम करायला, दात येताना खांद्यावर घेऊन फिरायला मी होते. मला मूल झालं नाही म्हणून मी ते केलं असं शेजारीण म्हणते. तिचं तोंड आहे, ती म्हणणार. मी केलं कारण पोर रडत होती आणि माझे हात रिकामे होते.

टिटवीच्या शाळेतली बाई म्हणते, ही वर्गात बोलत नाही. नवीन जागेत कोण बोलतं? मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंना वाटलं होतं मुकी सून फसवून दिली. नंतर त्यांनाच पश्चात्ताप झाला. त्या बाईला सांग, दम धर, ही बोलायला लागली की तू कानांत बोळे घालशील. टिटवी नाव उगाच पडलेलं नाही.

आणि तिला जेवायला काय हवं ते विचारत बसू नकोस. पोरांना विचारायचं नसतं, वाढायचं असतं. तू विचारतेस, ती काही नको म्हणते, मग तू रडतेस, मग ती रडते. ताटात वाढ आणि तिच्याकडे न बघता आपलं जेव. मटार असतील तर आधी सोलायला बसव. दहा सोलले की सहा तिच्या पोटात जातात, तेच तिचं जेवण. बिस्किट चहात बुडवून पडू देते आणि चमच्याने काढून खाते, त्यावरून तिला बोलू नकोस. चष्मेवाल्यांना ते घाण वाटतं म्हणे. त्यांना सांग, एकदा खाऊन बघा.

बघ, हे सगळं मी फुकट सांगितलं. घडीचं सांगणार नाही. सुट्टीत पाठव.

ताई

शनिवार, १५ तारीख

धाकटे,

तुझं पत्र आलं. दोनदा वाचलं. माझं वाचन तुला माहीत आहे, एका पत्राला चहा गार होतो.

आमचं इकडे झकास चाललंय, काळजी करू नकोस. लाँड्रीत आता मोठ्या हॉटेलच्या चादरी यायला लागल्यात. कुकर खूश आहे, म्हणजे दिवसातून एकदाच फुसफुसते. हे बरे आहेत. खाली दुकानात टिटवीची लहान सायकल टांगलेली आहे ना, तिला एक गिऱ्हाईक आलं होतं. यांनी सांगितलं ती बिघडलीय. काही बिघडलेली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "ब्रेक ढिले आहेत." ब्रेक आवळायला याच माणसाला पाच मिनिटं लागतात.

काल माझ्याकडे एका गिऱ्हाइकाचा फ्रॉक आला, पिवळा, साधारण तिच्याच मापाचा. त्याची घडी घालायला मला इतका वेळ लागला की कुकर म्हणाली, "बाई, कपड्याची घडी घालतेस का त्याला झोपवतेस?" मी म्हटलं, तुमचं तुम्ही बघा. असा उर्मटपणा केला की ती गप्प बसते. इतक्या वर्षांत मला एवढं एक शिक्षण मिळालंय.

तू लिहिलंयस, टिटवी आता शाळेच्या वेळी कपाटात शिरून बसते. कपडे ठेवायच्या खालच्या कप्प्यात, गुडघे पोटाशी घेऊन, दार ओढून. आणि आतून म्हणते, घडी. तू दार उघडून तिला ओढून काढतेस. ओढू नकोस गं. एवढं ऐक माझं. ओढू नकोस.

आणि चष्मेवाल्यांनी कपाटासमोर फतकल मारून बसून तिला कागदाच्या घड्या घालून होडी करून दिली. तर तिने दार थोडं उघडून हात बाहेर काढला, होडी घेतली आणि दार परत लावलं. फेकली नाही.

खरं सांगू?  माणूस घडीच्या जवळ आला. मला वाटलं होतं, फायली चाळणारा माणूस, त्याला काय कळणार. आणि तो चष्मा सावरत फरशीवर बसला. घरात पुरुष माणूस फरशीवर बसलेला मी यांच्याशिवाय पाहिलेला नाही, आणि हे बसतात कारण यांचा धंदाच फरशीवरचा.

म्हणून सांगते, लवकर कळव. सुट्टी जवळ आलीय. दोन आठवडे पाठव. एक आठवडा पाठव. तूही ये हवं तर, तुला कोणी नको म्हटलंय? मी समोर बसवून दाखवते घडी म्हणजे काय. पत्रात लिहून ते होत नाही. हाताचं काम आहे.

ताई

बुधवार, १९ तारीख

धाकटे,

आलं पत्र. नीट लिहिलं असतंस तर बरं झालं असतं, शाई पसरलीय सगळी. पण कळलं. "मला नाही जमत ताई, मी आई होऊच शकत नाही, तू तिला घेऊन जा." हे अक्षर स्वच्छ आहे.

येते. महिनाअखेरच्या रविवारी, ३० तारखेला, सकाळच्या गाडीने आम्ही दोघं येतो आणि दुपारच्या गाडीने तिला घेऊन निघतो. जेवायला थांबणार नाही. तिचे कपडे धुऊन ठेव, इस्त्री मी करीन, तुझी इस्त्री मला माहीत आहे. ससा विसरू नकोस. ते लाल घड्याळ नको. शाळेतून दाखला काढून ठेव. इथल्या शाळेतल्या हेडमास्तरणीला मी आजच विचारून आले, जागा आहे म्हणाली.

तू रडू नकोस. तुला नाही जमलं, त्यात काय. काही जणींना नाही जमत. हेच आधी केलं असतंस तर केस वाचले असते.

पोस्टात टाकून यायचंय, पेटी उघडायच्या आत. बाकी समोर बोलू.

मोठी

शुक्रवार, २१ तारीख

धाकटे,

परवाचं पत्र फाडून टाक. मी येत नाही.

थांब, लगेच हंबरडा फोडू नकोस. आधी पूर्ण वाच. हे पत्र मी लाँड्रीच्या टेबलावर उभ्याने लिहितेय. कुकरला सांगितलंय आज माझं डोकं फिरलंय, मला हाक मारू नका. तिने मारली नाही.

परवा पत्र टाकून आले, यांना म्हटलं, चला, तिकिटं काढून या. हे सायकलची चेन हातात घेऊन नुसते बसले. म्हटलं, उठताय ना? तर म्हणाले, "मी त्या दिवशी तुला सगळं सांगितलं नाही."

म्हटलं, काय सांगितलं नाही?

"केसांचं सांगितलं. दुसरं एक झालं ते नाही सांगितलं."

तुला माहीत आहे ना, या माणसाला एक वाक्य बोलायला अर्धा दिवस लागतो. मी चेन हिसकावून घेतली तेव्हा बोलले. ते समोर उभे होते तेव्हा तू टिटवीला घेऊन शाळेतून परत येत होतीस. ती तुझ्या मागे चार पावलं, तोंड फुगवून. तू हात पुढे केलास तो तिने घेतला नाही. तुमच्या फाटकापाशी एक कुत्रं अंगावर भुंकत आलं. टिटवी किंचाळली आणि धावत येऊन तुझ्या कमरेला तिने मिठी मारली. तोंड तुझ्या पोटात खुपसलं. कुत्रं गेलं तरी सोडलं नाही. तू तशीच तिला घेऊन जिना चढलीस.

हे मला मुद्दाम सांगितलं नव्हतं. मला लागेल म्हणून केसांवर भागवलं.

मी म्हटलं, त्यात काय मोठंसं! कुत्रं अंगावर आलं की माणूस खांबालाही मिठी मारतं.

तर हे म्हणाले, "खांब होता गं तिथे. अगदी तिच्या शेजारी होता. ती तो सोडून धाकटीकडे पळाली."

मी उठले. ताट वाढलं, ते जेवले, मी भांडी घासली. भांडी जरा जास्तच वाजवली. काल दिवसभर यांच्याशी बोलले नाही. खरं सांगणाऱ्याशी मला बोलवत नाही, माझा स्वभावच तसा.

तू पत्रात हे लिहिलं नव्हतंस. का लिहिलं नव्हतंस? तुझ्या लक्षातच आलं नसेल. हात घेतला नाही हे तुला दिसलं, शाळेतल्या बाईने काय म्हटलं ते दिसलं, आणि पोर पोटाला चिकटून जिना चढली ते दिसलं नाही. तुझे डोळे तपासून घे. घरात एक चष्मा आहेच.

आज सकाळी एक पँट आली. आधी कोणीतरी चुकीच्या जागी इस्त्री करून घडी पाडली होती, मग दुसऱ्याने बरोबर जागी पाडली, मग परत कोणीतरी पहिल्यासारखी. गुडघ्यापाशी कापड नुसतं चकाकत होतं, विरायला आलं होतं. मी पाणी मारलं, वाफ दिली, फडकं ठेवून दाबलं. एक घडी बसते तोवर दुसरी वर येते. मी ती तशीच कुकरपुढे टाकली, म्हटलं, हे माझ्याच्याने होणार नाही. आणि मग हा कागद ओढला.

तिला माझी घडी पडलेली आहे, धाकटे. त्यावर तुझी आत्ता कुठे पडायला लागलीय, वाकडीतिकडी. आता मी येऊन तिला परत माझ्याकडे दुमडली, आणि वर्षाने तुझा जीव थाऱ्यावर आला की तू पुन्हा येणार. मग काय राहील पोरीत? म्हणून येत नाही. सुट्टीतही पाठवू नकोस. एवढ्यात नको. नंतरचं नंतर बघू. हे लिहायला मला काय पडलंय ते तुला कळायची गरज नाही.

आता घडी म्हणजे काय ते सांगते. नीट वाच.

ती रांगायला लागली तेव्हापासून मी तिला लाँड्रीत आणायची. मोठ्या प्रेसची वाफ सुटली की ही टिटवीसारखी किंचाळायची, अंग ताठ करायची. काही केल्या गप्प बसेना. एकदा मी वैतागून तिला उचललं, घडीच्या टेबलावर नुकत्याच इस्त्री केलेल्या गरम चादरीवर टाकलं आणि म्हटलं, फार ताणलंस हं, आता तुझीच घडी घालते. ती गप्प झाली. तेव्हापासून भीती वाटली की तिला घडी लागते.

चादर गरम पाहिजे. उन्हातली चालेल, इस्त्रीची जास्त चांगली. तिला पाठीवर निजव. म्हणायचं, "उजवी बाही आत." तिचा उजवा हात छातीवर घे. "डावी बाही आत." डावा त्यावर. मग "खालून वर" म्हणायचं आणि गुडघे पोटाशी. मग चादरीची एक बाजू, दुसरी बाजू, आणि सगळं गाठोडं उचलून मांडीवर. मग तळहात सपाट करून मानेपासून पाठीवरून खाली फिरवायचा, इस्त्रीसारखा. तोंडाने स्स्स करायचं, वाफेचं. घाई करू नकोस. तू प्रत्येक गोष्टीत घाई करतेस. तिचं अंग सैल पडतं ते हाताला कळतं. कळेल तुला.

सैल पडली की विचारायचं, "ही घडी कुठल्या गिऱ्हाइकाची?" ती म्हणेल, मोठीची. म्हणू दे. तिथे तिला सुधारायला जाऊ नकोस, मावशी म्हण वगैरे. नुसतं म्हण, "बरं, ठेवते कप्प्यात." आणि धरून बस. पुढे कधीतरी ती दुसरं नाव घेईल. ते मला लिहून कळवू नकोस.

शेवटचं, आणि हे चुकवू नकोस. घडी मोडायची ती तिने. तू उलगडायची नाही. कितीही वेळ लागो, पायाला मुंग्या येवोत, शाळा बुडो. तिचं तिला वाटलं की ती हातपाय फेकून एकदम उघडते आणि ओरडते, "मोडली!" आणि मग हसते. आधी नाकाने, मग तोंडाने.

यांनी सायकलचे ब्रेक आवळलेत. ओळखीच्या माणसाबरोबर ती पाठवतायत. चष्मेवाल्यांना सांग, सीट थोडं वर घ्या, ती वाढलीय.

चादर उद्याच गरम कर. आणि शनिवारपर्यंत, २९ तारखेपर्यंत, मला तुझं उत्तर हातात पाहिजे. घडी मोडताना ती हसली का नाही? हो का नाही, एवढंच लिही.